माझे चढाचे पाय

होय, मी ससाच बोलतोय, जिंतूरकडच्या डोंगरउताराचा. दचकू नका, दचकायचं काम आमचं. कुणी घाबरलं की ‘सशाचं काळीज’ म्हणून तुम्ही मोकळे होता. आमचे पाय कुणी बघत नाही.

माझे पाय बघितले ते दिनकररावांनी. खुरपणीच्या वेळी त्यांच्या सुनेला, सविताला, मी तुरीच्या ओळीत सापडलो, मुठीएवढा. तिनं कापसाच्या वातीनं शेळीचं दूध पाजून मला वाढवलं. संध्याकाळी दिनकरराव मला मांडीवर घ्यायचे आणि बाजारात बैल पारखावा तसे माझे पाय चाचपायचे.

“सविता, बघ की. समदं मांस वर मांडीला हाय, खाली नुसती शीर आन् हाड. पाय हलका, म्हणून तर असा झपकन उडायलाय. मुंगसाचं उलटं. त्याचे पुढचे पाय गच्च. उकरायला बरे, पळायला न्हाईत.”

मी सुखावून कान पाडायचो. कौतुक कुणाला नको असतं? एकदा त्यांनी मला उतारावर पळवलं, तर मी तोंडावर आपटलो. मागच्या लांब पायांचा रेटा माझ्या काडीसारख्या पुढच्या पायांना झेपेना. चढाला मात्र मला कुत्रंही गाठत नसे. दिनकरराव पोट धरून हसले. ते हसणं मी माया समजलो.

मोठा झाल्यावर सवितानं मला रानात सोडलं. मी लांब गेलोच नाही. दिनकररावांच्याच सोयाबीनमध्ये राहिलो. माणूस आपला होता ना!

मग काढणी आली. बाया चारी बाजूंनी कापत आल्या आणि मधे उरलेल्या पट्ट्यात मी अडकलो. शेवटच्या पट्ट्यात ससा असतोच, हे इथं सगळ्यांना ठाऊक. घरी आलेले पाहुणे काठ्या घेऊन खालच्या अंगाला उभे होते. वर डोंगर मोकळा. मी सुटल्यातच जमा होतो. तेवढ्यात ओळखीचा आवाज आला.

“समदे खाली काय करायलात? दोघं-तिघं वर जाऊन गलका करा! उताराला कोलमडतंय ते.”

गलका वरून आला. मी खाली पळालो, कोलमडलो, आणि काठी मागच्या मांडीवर बसली.

सविता धावत आली. “मामा, ह्यो आपला ससा हाय! वळखला न्हाई का?”

“वळखला की,” दिनकरराव म्हणाले. “म्हणून तर घावला.”

आता मी टोपल्याखाली आहे. टोपल्यावर दगड आहे. पलीकडे पाट्यावर मसाला वाटला जातोय. मांडी सुजलीय, पण त्याहून जास्त दुखतंय ते त्यांचं वाक्य.

सविता, तू चुलीपाशी एकटी आहेस. दगड काढ. लंगडत बाहेर पडलो तर गावातली कुत्री मला फाडतील, एवढं मलाही कळतं. फाडू दे. ती परकी आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. फक्त दिनकररावांच्या ताटात मला वाढू नकोस.