इंदूबाईंचा अंगठा आणि मी

मित्रांनो, मी ट्रान्झिस्टरमधली एक जुनी स्प्रिंग आहे. गंजलेली आहे, पण त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. कारखान्यात एका मशीननं मला पिळून वेटोळं केलं आणि एकच काम दिलं: सेल अंगावर आला की त्याला उलट रेटायचं. मी रेटते म्हणून वीज पुढे जाते. मी ढिली पडले की मोठमोठे गवई तानेच्या मध्यावर गप्प होतात. तरी कौतुक गवयांचंच होतं. ते असो.

पंच्याहत्तर सालच्या सुमारास मी नागपूरला, महाल भागात गोपाळरावांच्या घरी आले. तिथे सेल कमजोर झाले की त्यांच्या थोरल्या बहीण तुळसाबाई ते गच्चीवर मुगवड्यांशेजारी वाळत घालत. कावळ्यांनी नेऊ नयेत म्हणून वर जुनं पातळ. उन्हानं सेलांत जरा जीव येई आणि ते पुन्हा माझ्या अंगावर येत. असं दोन-तीनदा झालं की सेल फुगत, पाझरत, आणि तो खार मला खाई. मी कुरकुरले की गोपाळराव ट्रान्झिस्टरला थापड मारत. हादऱ्यानं मी क्षणभर टेकायची, गाणं लागायचं, आणि नाव थापडेचं व्हायचं.

मग एकदा गोपाळरावांच्या पत्नी इंदूबाई रेडिओ केंद्रात जाऊन मुगवड्यांबद्दलचं बोलणं रेकॉर्ड करून आल्या. ते बोलणं दुपारी बायकांच्या कार्यक्रमात लागणार होतं, तेही एकदाच. तुळसाबाईंचा विश्वास बसेना.

"तुले कोण बोलावते वं रेडिओवर? उगाच फेकून राहिली."

त्यांनी गल्लीतल्या बायकाही बोलावल्या. फजिती एकटीनं काय पाहायची!

वेळ झाली. ट्रान्झिस्टर मुका. गोपाळरावांनी नवे सेल घातले. मुका. थापड मारली. मुका. सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी करून माझ्यापाशी कोंबली. जरा खरखर, पुन्हा मुका.

"मी म्हणलं होतं नं," तुळसाबाई म्हणाल्या.

गोपाळरावांनी पुन्हा हात उगारला.

"मारू नका जी त्याले! आणा इकडे," इंदूबाई म्हणाल्या. त्यांनी चांदी उपटून फेकली, अंबाड्यातला आकडा काढला आणि माझ्यावरचा खार खरवडला. झोंबलं, पण बरं वाटलं. तरी गंजानं मी आखूड झाले होते, सेल टेकेना. तेव्हा इंदूबाईंनी ट्रान्झिस्टर मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं सेल माझ्यावर दाबून धरला. त्या दाबत होत्या, मी रेटत होते.

आणि इंदूबाई बोलू लागल्या. मांडी घातलेल्या नव्हे, आतल्या.

बोलण्यात डाळ भिजली, वाटून झाली. मग आतल्या इंदूबाई म्हणाल्या, "वड्या कडक उन्हात वाळवाव्या. आमच्या नणंदबाई वड्यांजवळ सेलही वाळवतात. वड्या छान होतात. सेलांचं काही सांगता येत नाही."

बायका पदर तोंडाला लावून खिदळल्या.

"इंदू, बंद कर वं ते!" तुळसाबाई कडाडल्या.

मित्रांनो, अंगठा जरासा उचलला असता तरी भागत होतं. दोष माझ्यावर आला असता आणि मला त्याची सवय आहे. इंदूबाईंनी नणंदेकडे पाहिलं आणि अंगठा आणखी जोरात दाबला. मीही तितक्याच जोरात रेटलं. कार्यक्रम शेवटपर्यंत वाजला.

नंतर गोपाळराव म्हणाले, "भंगारात देऊन टाकू हे."

अंगठ्यावरचा वळ चोळत इंदूबाई म्हणाल्या, "देऊन तर पाहा."

म्हणून मी अजून इथेच आहे. ट्रान्झिस्टर बरेच दिवस लावणार नसाल तर सेल काढून ठेवा. संपलेल्या सेलांना ऊन दाखवू नका. मला अधूनमधून कोरड्या फडक्यानं पुसा. थापड मारायचीच असेल तर खुशाल मारा. मी टेकेन ती माझ्या मर्जीनं.