वर्षालीच्या जागी सुगत

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या मुलाला, सुगतला, सोबत व्हावी म्हणून संघपालनं मेहुणीच्या मुलीला, सहा वर्षांच्या वर्षालीला, अकोल्याहून अमरावतीला आणलं. तो शाळामास्तर, त्यालाही सुट्टीच होती. रोज सकाळी राजापेठेतून दोघांना स्कूटरवर पुढेमागे बसवून तो पोहण्याच्या तलावावर न्यायचा आणि काठावरच्या बाकावर बसून राहायचा.

सुगत साडेसात वर्षांचा, हातापायानं दणकट. पाण्यात पडला की सपासप हात मारायचा. वर्षालीचं सगळं सावकाश.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पोहणं शिकवणाऱ्या शेखर सरांनी अकोल्याच्या स्पर्धेसाठी लहान मुलांची चाचणी घेतली. शिट्टी झाली की उडी मारायची आणि पाण्यावर ताणलेल्या दोरीला हात न लावता पलीकडचा काठ गाठायचा. सुगत अर्ध्यापर्यंत सगळ्यांच्या पुढे होता. मग त्यानं मान वर काढून बाकाकडे पाहिलं आणि दोरी धरली. तीन वेळा असंच झालं. वर्षाली सगळ्यांत शेवटी पोचली, पण पोचली.

"वर्षालीचं नाव देतो," सर म्हणाले. "सुगत पुढच्या वर्षी."

"सर, तो तिच्यापेक्षा दुप्पट जोरात पोहते!" संघपाल म्हणाला.

"पोहते ना. पण दर वेळी मधातच तुमाले शोधते. तिथं गर्दी राहीन, भोंगा वाजन. एकडाव घाबरला तं पुन्हा पाण्यात उतरनार नाई. होऊ द्या त्याची तयारी."

घरी बायकोला, ज्योत्स्नाला, कोण आनंद! तिनं लगेच बहिणीला, शकुनला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर साडू आला, देवमन. "भाऊ, मानलं तुमाले! आमच्यानं तं पोरगी बादलीतबी डोकं घालत नव्हती."

संघपाल हसला, पण वरवर. देवमनला नोकरी आधी लागली, गाडी आधी आली, सासरी मानही त्यालाच. आता हेही. त्या दिवसापासून वर्षालीनं आंब्याची दुसरी फोड उचलली तरी त्याच्या नजरेत भरायचं. ओल्या केसांनी ती सोफ्यावर बसली की तो खेकसायचा. एवढ्याशा पोरीचा आपल्याला राग येतोय हे त्याला कळत होतं, आणि कळूनही तो राग जात नव्हता.

स्पर्धेच्या तीन दिवस आधी पाण्यातल्या औषधानं वर्षालीचे डोळे जरा लाल झाले. दुपारपर्यंत साफही झाले. पण संघपालनं गच्चीवर जाऊन सरांना फोन केला. "सर, वर्षालीचे डोळे आले. बाकी पोराईले लागन. तिच्या जागी सुगतले नेलं तं?"

सर म्हणाले, "जागा रिकामी हाये म्हणून घेतो. पण जबरदस्ती करू नका."

घरात त्यानं सांगितलं, की सरांनीच नाव बदललं.

"पण काहून?" ज्योत्स्नानं विचारलं.

"मले काय माईत? त्यायची मर्जी."

वर्षाली थोडा वेळ रुसली. मग म्हणाली, "मंग मी दादाचा टॉवेल धरन."

रविवारी अकोल्यात देवमन, शकुन आणि त्यांच्यासोबत वर्षालीची आजी चतुराबाई, सगळे काठावर हजर होते. भोंगा वाजला. सात पोरं पाण्यात पडली. सुगत ओट्यावरच उभा, पायाची बोटं आवळून.

"मार उडी! मार ना!" संघपाल ओरडला.

त्या आवाजानंच सुगतनं उडी मारली. अर्ध्यात त्यानं मान वर काढली. एवढ्या गर्दीत त्याला बाप दिसला नाही. दोन्ही हातांनी दोरीला लटकून तो भोकाड पसरून रडू लागला. शेवटी एका माणसानं उतरून त्याला बाहेर काढलं.

संघपालनं आधी पोराकडे नाही, देवमनकडे पाहिलं. देवमन हसत नव्हता. वर्षालीच्या हातातला टॉवेल घेऊन तो सुगतकडे धावत सुटला होता.

शेखर सर वर्षालीसमोर उकिडवे बसले. "डोळे कधी बरे झाले व तुये?"

"काय झालं होतं त्याईले?" वर्षाली म्हणाली.

सगळे संघपालकडे पाहू लागले. सांगण्यासारखं बरंच सुचत होतं. पण तो म्हणाला, "आलेच नव्हते. मी खोटं सांगतलं."

"काहून, भाऊ?" देवमननं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. या माणसानं आपल्याशी कधी बरोबरी केलीच नव्हती, हे संघपालला तेव्हा जास्त झोंबलं.

"सुगतचं नाव लागावं म्हणून."

 देवमननं वर्षालीची पिशवी उचलली. वर्षाली अकोल्यातच राहिली. परतीच्या बसमध्ये ज्योत्स्ना मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत होती, आणि नंतरही तिनं नवऱ्याकडे मान वळवली नाही.

सुगत आठ दिवस तलावाचं नाव काढेना. मग ज्योत्स्नाच त्याला घेऊन गेली. सरांनी एकच अट घातली: बापानं फाटकाच्या आत यायचं नाही. संघपाल रोज बाहेर स्कूटरवर बसायचा. आतून शिट्ट्या आणि पोरांचा कल्ला ऐकू यायचा, बाकी काही नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सुगत दोरी न धरता पलीकडे गेला. घरी येताच त्यानं आईचा मोबाईल घेतला आणि वर्षालीला ते सांगितलं. दोघं कितीतरी वेळ खिदळत होती. बापाला ती बातमी जेवायला बसल्यावर कळली, तीही ज्योत्स्नाकडून.