विहिरीची बरणी

तुडीलच्या बौद्धवाडीनं आपल्या विहिरीचं पाणी प्यायचं की नाही, हे दोन बरण्यांवर ठरलं होतं. बरण्या प्रियदर्शिनीच्या. ती महाडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला. ग्रामसभेत तिनं दोन्ही बरण्यांना काळा कागद गुंडाळला आणि उजेडाला एकेक फट ठेवली. दोन्हींत तिनं शेवाळातले तेच हिरवे एकपेशी जीव सोडलेले. ओढ्याच्या पाण्यातल्यांनी फटीपाशी गर्दी केली. विहिरीच्या पाण्यातले तळालाच पडून राहिले. कारखान्याच्या सांडपाण्यानं मेले, असं सगळे म्हणाले आणि सरपंच रावजींनी घाबरून टँकर कबूल केला. तिचा बाप महादू याच्या हातांवरचे चट्टे वर्षानुवर्षं सगळ्यांसमोर होते. त्यांना कुणी घाबरलं नव्हतं.

नंतर तिनं तळातला थेंब कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जीव मेलेले नव्हते. उपासमार झाली की ते दोन-दोन मिळून एक होतात, जाड कवच घेतात, पोहायच्या शेपट्या टाकतात. मग उजेडाकडे जाणार कसे? विहिरीची बरणी तिनं फार आधी भरून ठेवलेली, तिच्यातलं पोषण संपलेलं; ओढ्याची ताजी. चूक तिची.

घरी येऊन तिनं बापाला सांगितलं.

"गप ऱ्हा गो," महादू म्हणाला. "टँकर येतोय तो येऊ दे."

"कारखान्याचा साहेब कधीतरी तपासणारच, आबा. मग आपण कायमचे खोटे."

"आनि आज बोललीस तर आजच खोटे."

ती तरी बोलली. पुढच्या सभेत सरळ सांगितलं, की जीव मेलेले नाहीत, कवचात झोपलेत; बरणीवरून काहीच सिद्ध होत नाही. पाणी प्रयोगशाळेत पाठवा, माणसांचे हात डॉक्टरला दाखवा.

"म्हंजे शेवाळ झोपलेलं, आनि जागरण आमाला?" रावजी म्हणाले. सभा हसली. हसणाऱ्यांत वाडीतलेही होते. टँकर रद्द झाला. पाणी चांगलं आहे असं मी म्हटलेलं नाय, हे ती सांगत राहिली, तोवर लोक चपला शोधत होते. खरं बोलणाऱ्याचं अर्धंच ऐकायचं, सोयीचं तेवढं, ही आपल्याकडची रीत.

संध्याकाळी महादू कळशी घेऊन विहिरीवर गेला. भरलेली कळशी त्यानं तिच्यापुढे ठेवली.

तिनं त्याच कळशीतलं पाणी विहिरीच्या बरणीत ओतलं, काळा कागद काढला आणि बरणी खिडकीत ठेवली. या पाण्यात कवचं फुटली आणि जीव पोहत उजेडाकडे गेले, तर रावजी ती बरणी गावभर मिरवणार. पेशी जगली म्हणून माणसाचं कातडं वाचत नाही, हे कोण ऐकणार?

ती रोज सकाळी बरणीत बघते. शाळेपासून हे जीव उजेडाकडे धावताना बघायला तिला आवडायचं. आता काच हिरवी दिसली नाही की तिला बरं वाटतं, आणि तसं वाटल्याची शरम वाटते.