देवरावच्या आठ दुपारी

"छातीपर्यंत आनला, मंग थांबला काहून?"

रहमत वस्तादांनी देवरावला विचारलं. देवरावच्या हातातला दांडा म्हणजे बैलगाडीचा जुना लोखंडी आस, दोन्ही टोकांना जात्याच्या तळ्या बसवलेला. लोहारकाम करणाऱ्या रहमतनी तो आपल्याच भट्टीवर घडवला होता. महिन्यापूर्वी हेच वजन देवरावनं डोक्यावर नेलं होतं. आज ते धपकन मातीत पडलं.

"अजून शंभर जोर मारतो, वस्ताद."

"नको मारू. दिवसभर जिनात कापसाच्या गाठी वाहतं, सांजेले इथं लोखंड. आंगाले सवड कवा देतं? लोखंड थंडं पडलं का आमी ठोकत नाही, परत भट्टीत ठेवतो. थंड्यावर ठोकलं तर तडकते. आठ दिवस घरी झोप."

यवतमाळची स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती. दिग्रसच्या या वस्तीत दोन वर्षांपूर्वी धम्म आला. तिथून वजन उचलायला नाव देणारा देवराव पहिलाच. पण जिनाचा मुकादम किसनराव साफ म्हणाला, "ऐन हंगामात आठ दिवस? मंग नवव्या दिवशी येऊच नको."

देवराव रात्रभर तळमळला आणि सकाळी गेला नाही.

घरात मायलेक दोघंच. भर दुपारी त्याला चटईवर पडलेला पाहून सुखीबाई घाबरली.

"बिमार हायेस का रे?"

"नाई माय. वस्तादनं झोपाले सांगतलं."

"झोपाले वस्ताद लागते? दिवसा पडते त्याच्या घरात दलिद्री येते."

पहिले दोन दिवस त्याचे हात नुसते काहीतरी शोधत राहिले. आपलं घर दुपारी कसं असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. कौलांच्या फटीतून उन्हाचे कवडसे उतरत, शेणानं सारवलेल्या जमिनीवरून हळूहळू सरकत भिंतीवर चढत. बाहेर कुठंतरी कोंबडी कुरकुरायची. तिसऱ्या दिवशी झोप आली ती पाण्यासारखी. स्वप्नात जिनातल्या गाठी आपोआप सुटल्या, कापूस श्वासाहून हलका होऊन छपरावर गेला, नदी ओलांडून दूर तरंगत राहिला. तोही त्याच्यासोबत होता. जाग आली तरी बराच वेळ अंगाला वजन नव्हतं.

पाचव्या दिवशी सुखीबाईनं त्याच्या खांद्यांना जवसाचं तेल चोळलं.

"तुया बापाचे खांदे असेच लाकडावानी होते," ती म्हणाली. "त्याले कोनी सांगतलं नाई, बापू, झोप म्हनून."

"अन् तुले, माय?"

ती हसली. "मले? तू झाला त्या दिवशी दुपारलोक कापूस वेचला. तिसऱ्या दिवशी पुन्यांदा वावरात."

देवराव सरकला. "ये, पड इथं."

"येडा झाला काय?"

पण तो हात धरूनच बसला. शेवटी ती आडवी झाली; चटईच्या अगदी काठावर, परक्याच्या घरी आल्यासारखी. डोळे उघडेच.

"काय पाहून राह्यली?"

"कौलं. इतक्या वर्सांत पाह्यलीच नव्हती रे."

नवव्या दिवशी दांडा असा वर गेला की रहमत वस्ताद नुसतेच "या अल्ला" म्हणाले. यवतमाळला देवराव दुसरा आला. जिनातली जागा मात्र गेली ती गेलीच. किसनरावनं शब्द फिरवला नाही. "तुया खांद्याले माया भट्टीवर काम हाय," वस्ताद परतीच्या मोटारीत म्हणाले, "पन आठवड्यातून एक दिवस घण बंद."

दुपारी देवराव वस्तीत शिरला, तेव्हा डफ घेऊन माणसं मागं लागली. कुणी गुलाल आणला, कुणी नाव घेऊन ओरडू लागलं. तो घराच्या दारात पोचला आणि एकदम वळून त्यानं हात वर केला.

"हळू," तो म्हणाला. "माय झोपली हाय."

डफ थांबला. आत सुखीबाई चटईच्या मधोमध, हातपाय सैल सोडून झोपली होती. कललेलं ऊन दारातून तिच्या डोळ्यांवर येत होतं. देवराव एक पाऊल सरकला आणि आपल्या रुंद पाठीनं ते अडवून, ती उठेपर्यंत तसाच उभा राहिला.