तिसऱ्या पोपटाचा डोळा

सिंधू गांगुर्डेचं डोकं लवकर फिरतं हे ती शिकवायची त्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या सोमवारी धुऊन आलेले फोटो हातात पडले आणि ती स्टुडिओच्या पायरीवरच बसली. छत्तीस फोटो, छत्तीसच्या छत्तीस धूसर.

नाशिकच्या हातमाग प्रदर्शनात एक पैठणी टांगली होती. सिंधूच्या मावशीनं, येवल्याच्या कुसाबाईनं, आठ महिने मागावर बसून ती विणली होती. अर्जावर विणकर म्हणून नाव मात्र मागाचा मालक रंगनाथ याचं. बक्षीस गुरुवारी होतं. परीक्षक सावित्रीबाई म्हणाल्या होत्या, “पुरावा आणा, मी नाव बदलते.”

पुरावा साडीच्या पदरातच होता, पोपटांच्या रांगेत. कुसाबाई आपल्या प्रत्येक पैठणीत तिसऱ्या पोपटाच्या डोळ्यात एक धागा जास्त भरायची. तो डोळा ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि साडीला हात लावायची बंदी. म्हणून फोटो हवा होता. दोन महिन्यांपूर्वी सिंधूनं जुना कॅमेरा घेतला होता, पस्तीस ते एकशे पाच मिलिमीटरच्या झूम लेन्ससकट. लेन्सवर नारिंगी अक्षरांत ‘मॅक्रो’, म्हणजे अगदी जवळून बारीक वस्तू टिपायची सोय, असं लिहिलेलं होतं. त्या अक्षरांवर तिनं आंधळा विश्वास टाकला होता.

“मॅक्रो लागतच नाही,” तिनं स्टुडिओवाल्या मोतीरामला सांगितलं.

त्यानं मान वर केली नाही. “बाई, झूम म्हणजे लांबचं जवळ ओढायचं. एकशे पाचवर ठेवा न् लांब उभ्या राहा. मॅक्रो-बिक्रो तुम्हा लोकांना कशाला हवं?”

तुम्हा लोकांना म्हणजे बायकांना की आमच्या वस्तीला? दोन्ही असणार. अंगाची नुसती लाही लाही झाली. हातातले छत्तीस फोटो तिनं याच्याच आधीच्या सांगण्यावरून काढले होते.

घरी येऊन तिनं ओट्यावर ज्वारीचा दाणा ठेवला आणि हट्टाला पेटली. एकशे पाचवर पाच फुटांच्या आत काहीच स्पष्ट होईना. मग रागाच्या भरात तिनं झूम पार उलट्या टोकाला, पस्तीसवर फिरवला, तिथलं बारीक बटण दाबलं, आणि लेन्सचं कडं आणखी पुढे सरकलं. मॅक्रो होता तो इथे. लांब ओढणाऱ्या टोकाला नव्हताच. कॅमेरा दाण्यापासून वीतभर अंतरावर न्यावा लागत होता. तरी दाणा काही लिंबाएवढा दिसेना. फिल्मवर तो खऱ्या आकाराच्या जेमतेम चतकोर उतरणार, बाकीचा मोठा करायचा तो छापताना. म्हणजे फिल्मवर जे येईल ते लख्खच यायला हवं. कडं फिरवण्यापेक्षा कॅमेराच केसभर मागेपुढे सरकवलेला बरा, हेही तिला त्याच संध्याकाळी कळलं. एवढीशी गोष्ट सांगायला त्या माणसाची जीभ झिजली असती का?

मंगळवारी शाळा सुटल्यावर तिनं प्रदर्शनातला पंखा बंद करायला लावला, कारण पदर हलत होता. कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, बारीकही स्पष्ट यावं म्हणून लेन्सचं छिद्र लहान करून अकरावर ठेवलं, ट्रायपॉड बोटभर पुढे, बोटभर मागे. चार फोटो काढले. धुवायला मात्र मोतीरामकडे गेली नाही.

गुरुवारी सावित्रीबाईंच्या टेबलावर तिनं वहीएवढा फोटो ठेवला. पोपटाचा डोळा स्वच्छ दिसत होता, जास्तीच्या धाग्यासकट. शेजारी कुसाबाई डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

रंगनाथनं फोटो पाहिला आणि हसला. “तो धागा मीच भरतो, बाई. माझ्या मागावर दुसरं कोणी बसत नाय.”

सिंधूनं एवढा आटापिटा केला होता, आणि हा माणूस एका वाक्यात सगळं गिळून बसला होता.

सावित्रीबाईंनी फोटो उजेडाकडे धरला. “आणि हे काय?”

चोचीखाली, जरीच्या धाग्यांत, एक पांढरा केस विणला गेला होता. चांगला बोटभर लांब. झगमगाटात तो आजवर कुणालाच दिसला नव्हता. सावित्रीबाईंनी चष्म्यावरून रंगनाथच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे तुळतुळीत टक्कल होतं. रंगनाथचा हात नकळत डोक्यावर गेला.

सिंधू मावशीकडे वळली. कुसाबाईचा चेहरा रागानं काळानिळा झाला होता, आणि तो राग सिंधूवर होता.

“ह्यापायी काढला व्हय फोटू?” ती दबक्या आवाजात म्हणाली. “झाक ते.”

विणकामात केस म्हणजे विणकराची नामुष्की. चाळीस वर्षं कुसाबाई डोकं घट्ट बांधून मागावर बसली होती, सुनांना त्यावरून टोचून बोलली होती. केस आपला नाही म्हटलं असतं तर हाताची अब्रू राहिली असती आणि साडी रंगनाथची झाली असती. सिंधूला मावशीला गदागदा हलवावंसं वाटलं. पण हे मावशीनंच बोलायला हवं होतं.

कुसाबाईनं फोटोकडे पाहिलं. मग डोक्यावरचा पदर मागे सारला. सगळे केस पांढरे होते.

“केस माझा हाय,” ती रंगनाथच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली. “चूकबी माझीच हाय. चूक लिवा आधी, न् मंग तिच्याखाली माझं नाव लिवा.”