रुख्मिणीच्या नावाची साडी

“मॅडम, तुमची स्टाइल तुम्ही एका शब्दात कशी सांगाल?” पुण्याहून योगिनी नावाची मुलगी फोनवर विचारत होती.

मी कणीक भिजवत होते. फोन खांद्याने कानाशी दाबून म्हटलं, “धुवट.”

ती खळखळून हसली. मी काही हसण्यासारखं बोलले नव्हते.

त्या कंपनीचं काम असं होतं. आपण फोनवर मापं द्यायची, आवडनिवड सांगायची, एक फोटो पाठवायचा. मग तिथली मुलगी आपल्यासाठी कपडे निवडणार आणि खोक्यात घालून घरी पाठवणार. आवडतील ते ठेवायचे, बाकीचे सात दिवसांत परत. मापं मी परकराच्या नाडीने घेतली आणि नाडी गार्गीच्या शाळेतल्या फूटपट्टीवर मोजली. तिथवर ठीक होतं. पुढे प्रश्न आला, ‘तुमच्या कपाटात सर्वांत जास्त कुठले कपडे आहेत?’ ऑफिसचे, समारंभाचे, घरातले, प्रवासाचे. माझ्या कपाटाचं उत्तर त्यात नव्हतं. मी आपलं ‘समारंभाचे’वर बोट ठेवून दिलं.

“आणि काय घालायला अजिबात आवडत नाही?” योगिनीने विचारलं.

“दुसऱ्याचं.”

“म्हणजे सेकंडहँड?”

“तसंच समज बाई,” मी म्हटलं.

तिला काय सांगणार, कप्पाळ? आमचे हे, वैजनाथ महाराज, नांदुऱ्यात क्रियाकर्म करतात. लग्नामुंजीचे भटजी वेगळे आणि दहाव्या-तेराव्याचे वेगळे. आमच्या घरात जे कापड येतं ते कुणीतरी गेलं म्हणून येतं. धोतरं, पंचे, टॉवेल, साड्या. ब्लाउजपीस तर दोन पेट्या भरून आहेत आणि त्यांतला एकही कुठल्या साडीला शोभत नाही. बाई सवाष्ण गेली तर तेराव्याला तिच्या नावाने एक जिवंत सवाष्ण पाटावर बसवतात, तिला साडी देतात, बांगड्या भरतात, जेवू घालतात. बसायला सहजासहजी कुणी तयार होत नाही. मग मी बसते. तीस वर्षं बसते आहे. तालुक्यातल्या किती मेलेल्या बाया माझ्या तोंडाने शेवटचं जेवून गेल्या, त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

मला भीती नाही वाटत. पण माणसाला कधीतरी स्वतःचं काही लागतं की नाही? हे नदीवर गेले की दुपारी मी एक कप कॉफी करते, पूर्ण दुधाची. कपाटाच्या खालच्या खणात चंदनाचा साबण आहे, तो फक्त रविवारी. पायांना लावायची क्रीमची डबी आहे. ह्यांना सगळं माहीत आहे, ते बोलत नाहीत. एवढी चैन आमच्या घरात चालते.

साडीची गोष्ट मात्र चैनीची नव्हती. गार्गी, आमची एकुलती एक, बुलढाण्याला दिलेली. जावई कोर्टात कारकून, घर सज्जन. डोहाळजेवणाला मी विहीणबाईंना, सत्यभामाबाईंना, साडी नेली. आमच्या पेटीतली नव्हती. खामगावला जाऊन दुकानातून आणली होती. त्यांनी हसून घेतली, कुंकू लावलं, आणि दुसऱ्या दिवशी ती भांडीवालीच्या अंगावर होती. हे मला गार्गीनेच सांगितलं, अगदी हळू आवाजात. पुढे पहिलं बाळंतपणसुद्धा माहेरी झालं नाही. बुलढाण्यात दवाखाने चांगले, असं ठरलं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. नात झाली तेव्हा आम्ही दोघं दवाखान्यात गेलो, दुपट्यातलं तोंड पाहिलं आणि परत आलो. हातात कुणी दिली नाही आणि मी मागितली नाही.

मग बारसं ठरलं, सव्वा महिन्याचं. गार्गीचा फोन आला.

“आई, नवीन साडी नेसून ये. म्हणजे अगदी नवीन. आणि बिल असलं तर पिशवीत राहू दे.”

“बिल कशाले?”

“कोणी विचारलं तर,” ती म्हणाली. “तुला पाळण्याजवळ बसता यावं म्हणून म्हणते गं मी.”

मला राग आला, आणि राग धरावा अशी ती एकच माझी. त्या रात्री मी फोन उघडून त्या कंपनीत नाव नोंदवलं. माझ्या नावाचं खोकं, माझ्या मापाचा ब्लाउज, माझ्यासाठी कुणीतरी निवडलेला रंग. ती साडी नेसून जायचं, पाळण्याशी बसायचं आणि नातीला मांडीवर घ्यायचं. मला एवढंच हवं होतं.

खोकं यायचं होतं त्या सकाळी मी चक्कीवर दळण घेऊन गेले. तिथेच ह्यांचा फोन आला.

“शरयू, कचरूच्या घरी ये. त्याच्या बायकोचा तेरावा आहे. सवाष्ण यायची होती ते आलीच नाही.”

“मी दळणाले आलेली आहो.”

“दळण राहू दे तिथीच. माणूस सकायपासून बसून राह्यला.”

कचरू जिनिंगच्या मागच्या वस्तीत राहतो. त्याची रुख्मिणीही जिनिंगमध्येच होती, कापूस निवडायला. तापाने गेली, चार दिवसांत. मी गेले, हातपाय धुतले, पाटावर बसले. समोर त्याने पान वाढून ठेवलं होतं, वरणभात, वडे, खीर. शेजारणीने बांगड्या भरल्या. मग कचरू साडी घेऊन पुढे आला.

निळी साडी होती. आपल्याकडे जवस फुलतो ना, तसा निळा. मी आयुष्यात पुष्कळ साड्या घेतल्या, पण अशी कुणी दिली नव्हती. मनात म्हटलं, ह्या माणसाने कुठून आणली असेल? त्याने ती माझ्या ओंजळीत ठेवली तेव्हा घडीतून एक जाड कागद अर्धा बाहेर आला. त्यावर लिहिलं होतं, ‘प्रिय शरयूताई, हा रंग खास तुमच्यासाठी. योगिनी.’

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मंत्र म्हणत होते. त्यांना काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं.

मला ओरडावंसं वाटलं. ही माझी आहे, मी मागवली आहे, माझ्या नातीच्या बारशाची आहे. तोंडापर्यंत आलं होतं. पण कचरू समोर गुडघ्यावर बसला होता आणि त्याची नजर माझ्या तोंडाकडे नव्हती, साडीकडे होती.

“नेस वं रुख्मे,” तो म्हणाला. “लय उशीर झाला मले. नेस.”

मी कार्ड मुठीत घेतलं. साडीची घडी मोडली आणि पदर खांद्यावरून घेतला.

जेवण झाल्यावर तो मला दारापर्यंत सोडायला आला. “बाई, एक इचारू काय? तुम्ही हे पेटीत ठेवसान का?”

“काऊन?”

“पेटीत नका ठेवू. कुठी मंगल काम असलं तं नेसून जा. म्या तिले कुठीच नेलं नाही. जत्रेले चाल म्हने, तं म्या म्हनलो पुढच्या सालाले पाहू.” तो बांगड्यांच्या रिकाम्या कागदाची घडी घालत राहिला. “साडी बी महाराजाइनंच देल्ली. माह्याजवळ नव्हती.”

घरी आले तर खाटेवर खोकं उघडं पडलेलं. त्यात दोन कुडते, एक जांभळी साडी, आणि माझ्या मापाचा निळा ब्लाउज. हे मागोमाग आले. मी कार्ड त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं.

“मले वाटलं यजमानाकडून आलं,” ते म्हणाले.

त्यांचंही चुकलं म्हणावं तर काय म्हणावं? यजमानांची मुलं आता पुण्याला, हैदराबादला. ती दहाव्याला येतात आणि तेराव्याची वस्त्रं कुरिअरने पाठवतात, दक्षिणा मोबाइलवर. आमच्या दारी खोकं येणं म्हणजे कुणीतरी गेलेलं असणं. खोक्यावरचं इंग्रजी नाव त्यांनी पाहिलंही नाही. कचरूकडे साडी नव्हती, पेटीतल्या सगळ्यांच्या घड्या मोडलेल्या, आणि ही कोरी समोर आली. त्यांनी उचलली आणि नेली.

“तीस वर्षांत मी एक गोष्ट माह्यासाठी मागवली,” मी म्हटलं. “एक. आणि तुम्ही तिचं बी दान करून टाकलं. मी जिवंत आहो हो. माहा तेरावा अजून व्हायचा आहे.”

ते भिंतीला टेकून खाली बसले. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. बऱ्याच वेळाने त्यांनी खोक्यात हात घातला आणि जांभळी साडी बाहेर काढली.

“हे तं कोरीच आहे. हे नेस बारशाले. याले काही लागलेलं नाही.”

ते अगदी बरोबर बोलत होते. पुढचे पाच दिवस मी ती जांभळी साडी उघडून पाहत होते आणि पुन्हा घडी घालत होते. सुरेख होती. सहाव्या दिवशी मी ती आणि दोन्ही कुडते खोक्यात भरून परत पाठवले. योगिनीचा फोन आला, “मॅडम, निळी ठेवलीत ना? मला वाटलंच होतं.”

“हो,” मी म्हटलं. “निळी ठेवली.”

बारशाच्या सकाळी मी निळी नेसले. ब्लाउज अंगात असा बसला की मी दोन वेळा हात वर-खाली करून पाहिला. हे दारात उभे होते. त्यांनी साडी पाहिली आणि पिशवी उचलली. बुलढाण्याच्या गाडीने राजूरचा घाट चढला. मग खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, “चांगली दिसते.” लग्नानंतर असं ते पहिल्यांदा म्हणाले असतील. मला आठवत तरी नाही.

गार्गीच्या घरी पाळणा सजला होता. भोवती बायका बसलेल्या. गार्गीने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. सत्यभामाबाई पुढे आल्या, मला कुंकू लावलं आणि पदर दोन बोटांत धरून पाहिला.

“छान आहे हो साडी. कुठून घेतली?”

उत्तर माझ्याजवळ तयार होतं. पुण्याची कंपनी, माझ्या नावाचं कार्ड पर्समध्ये, बिल पिशवीत. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. एवढं बोलले असते की मी पाळण्याशी. गार्गी माझ्याकडे बघत होती आणि मी काय बोलावं हे तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं. पण मी दुसऱ्या कुणाला तरी सोबत आणलं होतं. पुण्याचं नाव घेतलं असतं तर तिला मी चपलांपाशीच बसवून आल्यासारखं झालं असतं.

“रुख्मिणीबाईच्या नावानं आली,” मी म्हटलं. “नांदुऱ्याले जिनिंगमध्ये कामाले होती. मागच्या आठवड्यात तिचा तेरावा झाला. सवाष्ण म्हणून मीच बसली.”

सत्यभामाबाईंनी पदर सोडला. “असं,” त्या म्हणाल्या, आणि बोटं स्वतःच्या पदराला पुसली. त्या वाईट बाई नाहीत. आपण बोटं पुसतो आहोत हे त्यांना कळलंही नसेल. पाळण्याजवळच्या बायका जरा सरकून बसल्या. मी भिंतीशी सतरंजीवर बसले. ह्यांनी पुरुषांच्या खोलीतून एकदा डोकावून पाहिलं आणि मान खाली घातली.

गार्गी उठली. तिने पाळण्यातून बाळ उचललं, बायकांमधून वाट काढत माझ्यापुढे आली आणि खाली बसली. सासरी गेल्यापासून ती आमच्यासारखं बोलत नाही.

“आई,” ती म्हणाली, “मांडी घाल बरं नीट. मान धर तिची.”

“अगं, नाव ठेवायचंय अजून,” मागून कुणीतरी म्हणालं. “पाळण्यात लागेल ना ती.”

“इथीच ठेवा,” गार्गी म्हणाली. “माह्या आईच्या मांडीवर.”

कुणी हललं नाही. मग गार्गीची धाकटी नणंद उठली, माझ्यासमोर वाकली आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. हळूहळू एकेक बाई पुढे आली. काही आल्या नाहीत.

नात माझ्याकडे टक लावून बघत होती. वजन असं काहीच नव्हतं तिला. मी तिची मान तळव्यात धरली होती आणि तेवढ्यात मांडी ऊबदार झाली. निळ्या साडीवर ओल पसरत गेली.

“अगंबाई, ओलं केलं तिने,” सत्यभामाबाई लगबगीने पुढे येत म्हणाल्या. “द्या इकडे, तुमची साडी खराब होईल.”

“होऊ द्या,” मी म्हटलं, आणि तशीच बसून राहिले.