उष्ट्याची किनार

तुम्ही खोटं बोललात, साहेब. मंचावर हार घालून घेत होतात तेव्हा समोरच्या टेबलांवर काय अंथरलंय ते तुम्हाला ठाऊक होतं. ज्यानं ते विणलं, त्यालाच तेवढं ठाऊक नव्हतं.

सोलापुरातल्या त्या हॉटेलच्या थंडगार हॉलच्या दारात मायाप्पा चपला काढून उभा होता. भिंतीवर फलक होता, ‘नव्या जमान्याची पंगत’. आत पाहुणे जेवत होते. मातीच्या रंगाच्या ताटल्या, बिनकाठाच्या वाट्या, लाकडी मुठीचे चमचे. आणि प्रत्येक ताटलीखाली मायाप्पाच्या मागावरचं हातभर घोंगडं, काळ्या लोकरीला पांढरी किनार. एका पाहुण्यानं मटणाची नळी चोखून ताटलीच्या कडेला ठेवली. ती घसरली ती थेट किनारीवर.

ती किनार कुंभारी गावात एकाच घोंगडीला असते. जत्रेत बिरोबापुढं अंथरायच्या. तो मायाप्पाच्या घराचा मान. थोरल्या जावयानं लग्नात हौसेनं मागितली होती, तरी दिली नाही. जावई दोन दिवाळ्या फिरकला नाही.

मग तुम्हाला कशी दिली? त्यानं विचारलं होतं, साहेब. तुमच्या हातमाग खात्याची जीप दारात आली, डिझाईनवाल्या बाईंनी भिंतीवरच्या जत्रेच्या फोटोत किनार पाहिली आणि हीच पाहिजे म्हणाल्या, पण एवढ्याशा मापात. एवढ्याशा घोंगडीवर माणूस बसणार कसा? मायाप्पानं आपल्या डोक्यानं मेळ घातला. शहरात घरं लहान, देव्हारे लहान, म्हणून देवाची आसनंही लहान. तरी तोंडानं विचारलंच, “साहेब, देवाखाली घालायचं हाय न्हवं हे?”

मोबाईलमधून मान वर न काढता तुम्ही म्हणालात, “हो हो, तसंच समजा.”

त्यानं तसंच समजलं. आंघोळ केल्याशिवाय मागाच्या खड्ड्यात पाय घातला नाही. बायकोनं, फुलाबाईनं, लोकरीला लावायची चिंचोक्याची खळ वेगळ्या भांड्यात शिजवली आणि काम संपेस्तोवर घरात मटणाचं नाव काढू दिलं नाही. गठ्ठा बांधताना एकेका तुकड्याला भंडारा लावला. पिवळे डाग पडले म्हणून तुमच्या माणसानं फोनवर झापलं, तर तिनं त्यालाच सुनावलं, “देवाचं हाय ते. डाग कसला त्यो?”

मायाप्पाला मटणाचं वावडं नाही. पण त्यांच्यात पाहुणा घोंगडीवर बसतो आणि ताट जमिनीवर असतं. घोंगडीला उष्टं लागू द्यायचं नाही, हे रांगतं पोर शिकतं.

तो टेबलाशी गेला, नळी उचलली आणि धोतराच्या सोग्यानं किनार पुसायला लागला. तेल आणखीच पसरलं. पाहुण्याला तो वाढपी वाटला. त्यानं वाटी पुढं करून रस्सा मागितला. मग बाई लगबगीनं आल्या, हेच ते कारागीर म्हणून सांगितलं. टाळ्या पडल्या, फोटो निघाला.

मायाप्पा एसटीनं घरी पोचायच्या आधी तो फोटो गावात पोचला होता. देवळाचा पुजारी सिद्धराम, सख्खा चुलतभाऊ, फोन हातात धरून कट्ट्यावर बसला होता.

“ये. जेवून आलास जनू,” तो म्हणाला. मग फोन कट्ट्यावर पालथा ठेवला. “आप्पा, आता तुज्या घरची घोंगडी देवाम्होरं न्हाय घालता येनार. लोक म्हनत्यात, उष्ट्याची किनार हाय.”

“व्हय,” मायाप्पा म्हणाला.

आज सकाळी तो तुमच्या कार्यालयात आला. तुम्ही चहा मागवलात. लई मागणी आहे म्हणालात, किनार थोडी बदलू, खाली तुमचं नाव छापू, भावना दुखावल्या असतील तर खेद आहे. कप ठेवायला त्याच लोकरीची गोल चकती पुढं सरकवलीत. मायाप्पानं चकती उचलून मांडीवर घेतली आणि कप टेबलाच्या काचेवर ठेवला.

“जत्रा तोंडावर आलीया, साहेब,” तो म्हणाला. “आमच्या घरची घोंगडी न्हाय, तर देवाम्होरं औंदा कुनाची घालायची?”

तुम्ही घंटी वाजवून त्याला बाहेर न्यायला शिपायाला बोलावलंत. मायाप्पा अजून बाहेरच्या बाकावर बसलाय. त्याला सांगा. कुणाची घालायची?